पहिल्या चुका पुतळ्यावर

रक्तदाब कोसळलेला रुग्ण आयसीयूत दाखल होतो तेव्हा बाहेरून दिसणारी लक्षणे बहुतेक वेळा सारखीच असतात. हातपाय गार पडलेले, नाडी बारीक आणि पळती, लघवी थांबलेली, माणूस ग्लानीत. कारणे मात्र वेगवेगळी असतात, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात जिवावर बेतू शकतो. डेंगीत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्ताचे प्रमाण घटले असेल तर शिरेतून सलाइन देणे हाच उपचार. हृदयाचा स्नायूच थकला असेल तर तेच सलाइन फुप्फुसात साठते आणि श्वास कोंडतो. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी किंवा रक्त साचून हृदय आवळले गेले असेल, तर सुईने ते काढेपर्यंत कोणत्याही औषधाने फारसे काही साधत नाही. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली असेल तर हृदयाची उजवी बाजू फुगते. तिथे गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे की नाही हे ठरवावे लागते, आणि त्या औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका डोक्यावर असतोच. स्टेथोस्कोप, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे यांवरून अनुभवी डॉक्टर अंदाज बांधतो आणि तो पुष्कळदा बरोबरही येतो. पण छातीवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवून हृदय हलताना प्रत्यक्ष पाहिले, तर या चार शक्यतांपैकी दोन-तीन काही मिनिटांत बाजूला पडू शकतात.

‘टू-डी इको’ हा शब्द आता आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. शस्त्रक्रियेआधी किंवा छातीत दुखले म्हणून केली जाणारी ती तपासणी हृदयरोगतज्ज्ञ सावकाश करतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतो, झडपांची आणि कप्प्यांची मोजमापे घेतो, टाइप केलेला रिपोर्ट देतो. अतिदक्षता विभागातली इको या तपासणीची बहीण असली तरी तिचा स्वभाव निराळा. खाटेशेजारी उभा असलेला डॉक्टर मोजकेच प्रश्न घेऊन येतो. पंप चालतो आहे का? उजवी बाजू फुगली आहे का? भोवती पाणी आहे का? रक्त कमी पडते आहे का? एखादी झडप पार निकामी झाली आहे का? उत्तरे बहुतांशी हो किंवा नाही एवढीच. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी १९५३ साली हृदयाच्या हालचालीची पहिली ध्वनिनोंद घेतली तेव्हा त्यांनी वापरलेले यंत्र धातूतल्या भेगा शोधण्यासाठी बनवलेले होते. तिथून हे तंत्र हृदयरोगतज्ज्ञांच्या खोलीत गेले आणि बरीच दशके तिथेच राहिले. अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या आणि फ्रान्समधील अतिदक्षतातज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्रितपणे एक निवेदन काढून आयसीयूतल्या डॉक्टरला कोणती इको स्वतः करता आली पाहिजे हे ठरवून दिले. तेव्हापासून ‘हे तंत्र आयसीयूत येऊ द्यावे का’ हा वाद जवळजवळ मिटला आहे. ‘शिकवायचे कसे’ हा मात्र मिटलेला नाही, आणि आपल्याकडे तर तो नीट सुरूही झालेला नाही.

यंत्रे आता पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत. अडते ते हातावर. प्रोब बरगड्यांच्या फटीतून हृदयाकडे रोखावा लागतो. फुप्फुसातली हवा ध्वनिलहरी अडवते आणि हाडही अडवते, त्यामुळे मिळते ती खिडकी बोटभर रुंद. त्या खिडकीत प्रोब किंचित कलला तरी चित्र बिघडत नाही, खोटे होते, आणि बिघडण्यापेक्षा हे वाईट. डाव्या कप्प्याचा छेद तिरका घेतला गेला तर कप्प्याचे टोक कापले जाते आणि दुबळे हृदय पडद्यावर धडधाकट दिसू शकते. हृदयावरची चरबी पाण्यासारखी भासते. डाव्या फुप्फुसाभोवतीचे पाणी हृदयाभोवतीचे वाटते. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी पाठीमागून जाणारी महाधमनी शोधायची आणि पाणी तिच्या पुढे आहे की मागे हे पाहायचे, ही खूण शिकवल्याशिवाय कळत नाही. त्यात आयसीयूतला रुग्ण कुशीवर वळवता येत नाही, व्हेंटिलेटरने फुप्फुसे फुगलेली असतात, छातीवर पट्ट्या आणि नळ्या असतात. पुष्कळदा बरगड्यांखालून, पोटाच्या बाजूने वर पाहणे एवढाच मार्ग उरतो. हे कौशल्य व्याख्यान ऐकून येत नाही, व्हिडिओ पाहूनही येत नाही. डोळा पडद्यावर ठेवून मनगट मिलिमीटरने फिरवण्याची सवय हाताला लागावी लागते.

ती सवय लावण्यासाठी सिम्युलेटर आहे. दिसायला ते साधे असते: कमरेपासून मानेपर्यंतचे रबरी धड, एक नकली प्रोब आणि एक संगणक. प्रोबमध्ये जागा आणि कल ओळखणारा संवेदक असतो. पुतळ्याच्या छातीवर तो जसा सरकेल, फिरेल, कलेल, तसा संगणक आपल्या साठ्यातल्या त्रिमितीय हृदयाचा नेमका त्या दिशेचा छेद काढून पडद्यावर दाखवतो. पडद्याच्या एका बाजूला खऱ्या इकोसारखे करडे चित्र आणि दुसऱ्या बाजूला रंगीत हृदय. ध्वनिलहरींचा पंखा कुठून शिरून काय कापत गेला हे त्यात उघड दिसते. हे दुसरे चित्र फार मोलाचे. खऱ्या रुग्णावर शिकणाऱ्याला करडे चित्र दिसते, पण आपण चुकलो ते कुठे चुकलो हे कळायला मार्ग नसतो. ‘हार्टवर्क्स’ हा असा सिम्युलेटर लंडनमधील भूलतज्ज्ञांनी अ‍ॅनिमेशन करणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने घडवला. ‘व्हिमेडिक्स’ हा दुसरा प्रसिद्ध सिम्युलेटर बाजारात आणला तो विमानांचे सिम्युलेटर बनवणाऱ्या सीएई या कॅनडातील कंपनीच्या वैद्यकीय शाखेने.

नाशिककरांना या कल्पनेचे नवल वाटू नये. नाशिक रोडला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना शिकवणारी संस्था आहे, ओझरला लढाऊ विमाने बनतात. वैमानिकाने आधी जमिनीवर बसून आकाश शिकायचे असते हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तरी वैमानिकाची उपमा मला फार ताणायची नाही. विमान माणसाने बांधले आहे, त्याचा प्रत्येक खिळा नकाशावर आहे. हृदय कोणी बांधलेले नाही आणि दोन हृदये सारखी नसतात. म्हणूनच पुतळ्यावरचा सराव रुग्णाची जागा घेऊ शकत नाही. त्याचे काम त्याआधीचे आहे, आणि हा विचार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सरावालाच वाहिलेला एक अध्याय आहे. छेद कसा घ्यावा हे कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर शिकावे, चामड्याची पखाल पाण्याने भरून तिच्यावर हात बसवावा, शिरा उघडणे मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करून पाहावे, असे तिथे सांगितले आहे, आणि सगळे शास्त्र पाठ असले तरी सराव न केलेला माणूस कामाचा नाही असेही बजावले आहे. यावरून सिम्युलेटर आपल्याकडे आधीपासूनच होता असा निष्कर्ष काढणारे निघतीलच. त्यांना एवढेच विचारावे की मग मधल्या काळात आपण थेट रुग्णावर हात साफ करायला कधीपासून लागलो?

कारण प्रत्यक्षात चालते ते तसेच. अमेरिकेत हॉल्स्टेड या शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाणारी ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ ही पद्धत आपल्या सरकारी रुग्णालयांच्या अंगवळणी पडलेली आहे, आणि तिच्या समर्थनार्थ नेहमी एकच मुद्दा येतो: आमच्याकडे रुग्ण इतके असतात की पुतळ्याची गरजच काय? वरवर पाहता हा बिनतोड वाटतो. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतून रुग्ण येतात, मुंबई-आग्रा महामार्गावरचे अपघात येतात. शिकायला रुग्ण कमी पडतील असे कोण म्हणेल? पण रुग्ण पुष्कळ असणे आणि योग्य रुग्ण योग्य वेळी शिकणाऱ्यासमोर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याने आवळले गेलेले हृदय वेळापत्रक पाहून येत नाही. ते येते तेव्हा रात्रपाळीचा एकच रेसिडेंट जागा असतो, आणि त्या वेळी रुग्णाला हवा असतो उपचार. रेसिडेंटला शिकवणी देण्याची ती वेळ नसते. तीन वर्षांच्या निवासी काळात एखाद्याला असे पाच रुग्ण दिसतील, शेजारच्या खोलीतल्याला एकही नाही, आणि पदवी दोघांना सारखीच मिळेल. पुतळ्यावर हाच प्रसंग एका दुपारी दहा वेळा उभा करता येतो.

या मुद्द्याला दुसरी बाजू आहे, तिच्याबद्दल कमी बोलले जाते. ज्याच्या छातीवर नवशिका हात फिरतो तो रुग्ण कोण असतो? पैसे मोजून खासगी रुग्णालयात गेलेल्याची तपासणी तयार तज्ज्ञ करतो. तो तज्ज्ञ जिथे शिकला, तिथल्या खाटेवर पेठचा शेतमजूर होता. शिकण्याची किंमत गरिबाने द्यायची आणि शिकून झालेल्याचा लाभ दुसऱ्याने घ्यायचा, ही वाटणी आपण इतकी वर्षे चालू दिली की ती व्यवस्था आहे हेही आता जाणवत नाही. रुग्णाशिवाय डॉक्टर घडत नाही हे खरे आहे आणि पुढेही खरे राहील. पण ज्या चुका टाळता येण्याजोग्या आहेत, म्हणजे प्रोब उलटा धरणे, खिडकी न सापडणे, चरबीला पाणी समजणे, त्या तरी रबरी छातीवर होऊन जाव्यात.

आता पुरावा काय सांगतो ते पाहू. ‘जामा’ या नियतकालिकात २०११ साली वैद्यकीय सिम्युलेशनवरच्या ६०९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. ज्ञान आणि कौशल्य यांत मोठी सुधारणा, रुग्णांवरच्या परिणामात मध्यम, असा त्याचा निष्कर्ष. यातली मेख अशी की ती तुलना मुख्यतः ‘सिम्युलेशन दिले’ आणि ‘काहीच दिले नाही’ यांच्यातली होती. दुसऱ्या चांगल्या शिकवण्याशी तुलना केली की फरक आकसतो. म्हणून इकोपुरते नेमके अभ्यास बघावे लागतात. लॉस एंजेलिसमध्ये भूलशास्त्राच्या ६१ निवासी डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले गेले. एका गटाला सिम्युलेटर, दुसऱ्याला व्हिडिओ आणि व्याख्यान. मग दोन्ही गटांनी जिवंत, निरोगी माणसांवर इको केली. सिम्युलेटरवर शिकलेल्यांची चित्रे सरस ठरली. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले. फ्रान्समध्ये ४२ केंद्रांतल्या ३२४ हृदयरोग-प्रशिक्षणार्थींवर झालेला, २०२३ साली छापून आलेला अभ्यास अन्ननलिकेतून करायच्या इकोचा होता; ती जरा जास्त अवघड आणि रुग्णाला त्रासदायक. तिथेही तीन महिन्यांनंतरच्या लेखी आणि प्रात्यक्षिक चाचणीत सिम्युलेटर मिळालेले पुढे होते.

हे सारे चित्रांविषयी आणि गुणांविषयी झाले. रुग्णाला फायदा झाला का, हा प्रश्न कोणीही विचारावा असाच आहे. त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर इकोतून मिळत नाही, शेजारच्या कौशल्यातून मिळते. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात निवासी डॉक्टरांना मानेच्या मोठ्या शिरेत नळी घालायला पुतळ्यावर शिकवले गेले. ते डॉक्टर आयसीयूत रुजू झाल्यावर त्या विभागात नळीमुळे होणारा रक्तातला जंतुसंसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे ३.२० होता तो ०.५० वर आला. २००९ सालचा हा अभ्यास सगळे उद्धृत करतात, पण त्यातली एक अट सांगायला विसरतात. तिथे नुसता सराव नव्हता. ठरावीक गुण मिळेपर्यंत रुग्णाला हात लावायचा नाही, लागेल तितका सराव पुन्हा करायचा, असा नियम होता. कोणी लवकर सुटले, कोणाला जास्त वेळ लागला, पण उंबरठा सर्वांना एकच. माझ्या मते परिणाम पुतळ्याने साधला नाही, उंबरठ्याने साधला. या लेखाचे म्हणणेही तेच आहे: सिम्युलेटर विकत घेण्याचा निर्णय दुय्यम आहे, त्याच्यावर परीक्षा बांधण्याचा निर्णय मुख्य.

त्याआधी एका कठीण आक्षेपाला सामोरे जायला हवे. अतिदक्षतेत इको करून तरी काय मिळते? उत्तर अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णालयांत, रक्तदाब कोसळलेल्या पण कारण न कळलेल्या २७३ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत, सोनोग्राफी केलेल्या आणि न केलेल्या गटांत तीस दिवसांनंतर जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०१८ साली हा निकाल आला तेव्हा या क्षेत्रातले उत्साही लोक जरा गप्प झाले, आणि ते बरेच झाले. या निकालाकडे दुर्लक्ष करणे अप्रामाणिक ठरेल. पण त्यातून ‘इको निरुपयोगी’ असेही निघत नाही. अशा रुग्णांत बहुसंख्य जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेले असतात आणि त्यांना सुरुवातीचे सलाइन, प्रतिजैविके आणि रक्तदाब वाढवणारी औषधे इको असो-नसो द्यायचीच असतात. फायदा होतो तो थोड्यांना: ज्याच्या हृदयाभोवती पाणी आहे, ज्याची उजवी बाजू फुगली आहे, त्याला. एवढ्या छोट्या चाचणीत ते थोडे हरवून जातात. आणि दुसरे असे की चित्र कोणालाही बरे करत नाही. चित्रावरून बदललेला निर्णय बरा करतो. चित्र चुकीचे काढले किंवा चुकीचे वाचले, तर निर्णयही चुकीकडेच बदलेल. म्हणजे हा आक्षेप शेवटी प्रशिक्षणाच्याच दारात येऊन उभा राहतो.

अर्धवट शिकलेल्या इकोने नुकसान होते याचा पुरावा तर आहेच. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला छातीदाब चालू असताना दर दोन मिनिटांनी तो थांबवून नाडी पाहतात. हा थांबा दहा सेकंदांच्या आत आटपावा असा नियम आहे, कारण तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळत नसते. २०१७ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या २३ रुग्णांच्या एका अभ्यासात सोनोग्राफीशिवायचा थांबा सरासरी १३ सेकंदांचा निघाला आणि सोनोग्राफीसह २१ सेकंदांचा. पडद्याकडे पाहता पाहता वेळेचे भान सुटते. आता हे कुठे सुधारायचे? मरणाच्या दारातल्या माणसावर तालीम घेता येत नाही. ती पुतळ्यावरच होऊ शकते: प्रोब आधीच बरगड्यांखाली टेकवून ठेवायचा, थांबा सुरू होताच चित्रफीत नोंदवायची, एकाने मोठ्याने आकडे मोजायचे, दहा म्हणताच दाब पुन्हा सुरू, आणि चित्राचा अर्थ लावायचा तो नंतर. यात एकट्याच्या हातापेक्षा चौघांची सांगड महत्त्वाची असते, आणि परिचारिकांशिवाय ही तालीम पुरी होतच नाही.

हृदयरोगतज्ज्ञांची नाराजी हा आणखी एक विषय. इको आमचे काम, इतरांनी त्यात पडू नये, असा सूर अजून ऐकू येतो. त्यात हद्दीचे राजकारण थोडे आहे, पण तथ्यही आहे. आरोग्यसेवेतील उपकरणांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतील ‘ईसीआरआय’ या संस्थेने २०२० सालच्या धोक्यांच्या यादीत खाटेशेजारच्या सोनोग्राफीचा अनिर्बंध प्रसार दुसऱ्या क्रमांकावर ठेवला होता. तज्ज्ञांना बाजूला सारणे हा त्यावर उपाय नाही, आणि पहाटे तीन वाजता तज्ज्ञ येईपर्यंत थांबणे हाही नाही. मर्यादा आखून देणे हा आहे. पाच प्रश्नांच्या पलीकडे रेसिडेंटने जायचे नाही, झडपांचा बारीक निवाडा करायचा नाही, प्रत्येक तपासणीची चित्रफीत जपून ठेवायची आणि सकाळी तज्ज्ञाने ती पाहायची. मर्यादा पाळणे हेसुद्धा शिकवावे लागते; ‘मला हे नीट दिसत नाही’ असे म्हणणाऱ्याला सिम्युलेटरवरच्या चाचणीत गुण मिळाले पाहिजेत.

पैशाचा प्रश्न खरा आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी मांडला जातो. चांगल्या सिम्युलेटरची किंमत लाखांत जाते. मात्र कोविडच्या काळात राज्याने पाहिलेच आहे की व्हेंटिलेटर येऊन पडतात आणि ते चालवणारे हात सापडत नाहीत. २०१९ सालापासून लागू झालेल्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची केली. खोल्या झाल्या, पुतळे आले. तपासणीच्या दिवशी ते झटकून ठेवले जातात आणि एरवी कुलूप, अशी अवस्था असेल तर आणखी महागडा पुतळा त्याच कुलपाआड जाईल. खरा खर्च शिकवणाऱ्याच्या वेळेचा असतो आणि तो कोणत्याही निविदेत दिसत नाही. जिल्ह्यात आडगावला मराठा विद्या प्रसारक समाजाचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून आहे, इगतपुरी तालुक्यात धामणगावला एसएमबीटीचे आहे, शहरात जिल्हा रुग्णालय आहे. तिघांत मिळून एक सिम्युलेटर आणि आठवड्याला ठरलेले दोन दिवस, एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. सामान्य हृदयाचे छेद शिकायला तर पुतळाही लागत नाही. एकमेकांच्या छातीवर शिकता येते.

इथे एक मुद्दा खास आपल्या देशाचा आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला आणि केंद्राचा १९९४ साली आला. त्यामुळे सोनोग्राफीच्या यंत्राची नोंदणी, ते कुठे ठेवले आहे, कोण वापरते, या सगळ्यावर नजर असते आणि ती असायलाच हवी. पण याचा एक परिणाम म्हणजे खरे यंत्र उचलून सरावासाठी इकडेतिकडे नेणे सोपे राहिलेले नाही. नकली प्रोबच्या सिम्युलेटरमधून ध्वनिलहरी निघतच नाहीत. तो प्रोब जिवंत माणसाच्या पोटावर ठेवला तर पडद्यावर काहीही उमटणार नाही. कायद्याचा हेतू न दुखावता हात तयार करण्याची ही सोय आपण इतकी वर्षे वापरली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

सिम्युलेटरचा मोठा दोष मात्र वेगळाच आहे. त्याच्या पोटातली हृदये परदेशी आहेत. तिथल्या आयसीयूत जे आजार नेहमीचे, ते त्यांच्या साठ्यात आधी येतात. आपल्याकडे क्षयाने हृदयाभोवती पाणी साचलेला तरुण येतो. लहानपणीच्या संधिवाती तापाने झडप आखडलेली आणि ते कोणालाच ठाऊक नसलेली गरोदर बाई धाप लागून येते. पावसाळ्यात डेंगीचा शॉक येतो. आणि लाल विंचू आहे. महाडसारख्या गावात राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचा अभ्यास केला, हे विष हृदयाला कसे थकवते आणि फुप्फुसात पाणी कसे साचते हे नोंदवले, प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. ‘लॅन्सेट’ने त्यांचे निबंध छापले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावलेल्या मुलाचे हृदय इकोवर कसे दिसते हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक आयसीयूतल्या डॉक्टरला माहीत असायला हवे. लंडनचा किंवा कॅनडाचा संगणकतज्ज्ञ ते हृदय घडवण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. चित्रफिती आपल्या रुग्णालयांत आहेत. रुग्णाची ओळख काढून त्या गोळा करणे आणि त्यांवरून प्रसंग रचणे हे काम इथलेच आहे.

आणि ते कोणी करायचे याचे उत्तर नाशिकमध्येच, दिंडोरी रोडवर आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. राज्यभरातली शेकडो महाविद्यालये त्याला संलग्न आहेत, आणि जिल्हा रुग्णालयाच्या आधाराने विद्यापीठाने स्वतःची पदव्युत्तर संस्थाही उभी केली आहे. म्हणजे परीक्षा घेणारा आणि रुग्ण पाहणारा विभाग एकाच शहरात, एकाच छत्राखाली आले आहेत. आपल्या विद्यार्थ्याचे एक पक्के आहे: परीक्षेत जे येते ते तो शिकतो, जे येत नाही ते ‘नंतर बघू’ म्हणतो. एमडीच्या परीक्षेचा आराखडा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनी बांधलेला असतो, तिथे विद्यापीठाचे हात काहीसे अडकलेले असतील. फेलोशिपचे अभ्यासक्रम मात्र विद्यापीठाचे स्वतःचे आहेत. अतिदक्षतेशी संबंधित फेलोशिपच्या परीक्षेत एक खोली पुतळ्याची ठेवता येईल. दोन प्रसंग, प्रत्येकी दहा मिनिटे, पाच प्रश्नांची उत्तरे, आणि चित्र नीट मिळाले नाही तर तसे स्पष्ट सांगण्याची मुभा. मुंबईत १९९३ साली स्थापन झालेल्या अतिदक्षतातज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेकडे परीक्षक होऊ शकतील अशी माणसे आहेत.

पुतळ्याची परीक्षा पास झालेल्याला लगेच मोकळे सोडावे असा मात्र याचा अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने २०११ साली प्राथमिक पातळीसाठी किमान दहा तासांचे शिक्षण आणि देखरेखीखाली तीस रुग्णांच्या तपासण्या असा अंदाज दिला. ब्रिटनमधला असाच अभ्यासक्रम पन्नास मागतो. आकड्यांवर वाद होऊ शकतो, देखरेखीवर नाही. त्या तीस तपासण्यांच्या नोंदवहीवर सही करायला नाशिकच्या आयसीयूत आज कोण उपलब्ध आहे, त्याच्या पगारी वेळेतले किती तास त्यासाठी मोकळे आहेत, आणि तो तज्ज्ञ मुंबईत किंवा पुण्यात असेल तर चित्रफीत पाठवून दूरवरून केलेली सही विद्यापीठ मान्य करेल का, हे तीन प्रश्न सिम्युलेटरची निविदा निघण्याआधी सुटायला हवेत.